सुरगाठ

"तिथं नेमकं करतेस काय गो तू?"
बाबांनी विचारलं, जाळ्यातून मान न काढता.
अंगठ्यात ताणलेला नायलॉन, दातांत सुई.
एमआयडीसीत लागल्यापासून नऊ महिने
ते माझ्याशी फक्त जेवणापुरतं बोलत होते.
खाडीत मासे पांढरी पोटं वर करून आले त्या वर्षी
त्यांनीच टोपल्या भरून नेऊन ओतल्या होत्या
कलेक्टरच्या दारात.

मी म्हटलं, गाठी मारते.

द्वारकाकाकी भिंतीला टेकून बसलेली,
डोक्याला फडकं, मांडीवर न सोललेली कोळंबी.
गाठ म्हटल्यावर तिनं पदर सारखा केला.
मराठीत त्याला दुसरा शब्द नाही, काय करू.

मी सांगत गेले. एक प्रतिपिंड असतं,
बेचक्यासारखं, दोन टोकं फाकलेली.
रक्तात हजार पेशींना चाचपतं,
ज्या पेशीच्या अंगावर ती ठरावीक खूण, तिलाच धरतं.
आणि एक विष असतं. इतकं जहाल,
की सुटं दिलं तर आजाराआधी माणूस जाईल.
या दोघांच्या मधे दोरी लागते.
आम्ही फक्त दोरी करतो, बाबा.
बेचकं वेगळीकडे, विष वेगळीकडे,
बांधायचं काम हैदराबादला.
आमच्याकडे पांढरी भुकटी, उणे वीस अंशांवर,
महिन्याला दोन मुठी.

"आणि बेचक्याला किती बांधतात?"
चार. आठ बांधले की जड होतं, यकृतात जाऊन बसतं.
"शिशाचं वजन जास्त झालं की जाळं बसतं तसं."
हो, तसंच.

"सुटते कुठं?"

हाच प्रश्न मला मुलाखतीत विचारला होता,
तेव्हा मी फळ्यावर बाणच बाण काढले होते.
आता म्हटलं, पेशीच्या पोटात एक आंबट पिशवी असते.
"आगळासारखी?"
इतकी नाही. सोलकढीइतकी.
तिथं एक कात्री असते, ती दोरीतले दोन मणी ओळखते
आणि तिथंच कापते.
रक्तात निरगाठ, पेशीत सुरगाठ.
आधीच्या गाठी रक्तातच सैल व्हायच्या,
आता टोकाचं कडं असं केलंय
की पाणी लागलं की उघडतं, आणि पकड पक्की होते.

बाबांनी पहिल्यांदा वर पाहिलं.
"काथ्या भिजला की आवळतो.
माझ्या आज्याला ठाऊक होतं.
त्याला एवढा मोठा कारखाना?"

मग बराच वेळ सुईच.
मग, जाळ्यालाच सांगितल्यासारखं:
"म्हणजे विषाला पत्ता लिहिता येतो.
मग खाडीत सोडलं त्याच्यावर
का नाही लिहिला कुणी?"

माझ्याकडे याचं उत्तर नव्हतं.
आमच्या शेडचं पाणी टँकरनं बाहेर जातं, हे मला माहीत आहे.
टँकर कुठं जातो, हे मी विचारलेलं नाही.

काकीची तिसरी सलाईन परवा झाली.
पिशवीवर तपकिरी आवरण, उजेड लागू नये म्हणून.
त्या औषधात आमच्या मुठीतलं काही होतं का,
लेबलावर कळत नाही.
गाठ निम्म्यावर आलीय, डॉक्टर खूश आहेत.
पण बोटं बधिर झालीत तिची.
काल कोयत्यानं कापलं आणि रक्त मांडीवर पडेपर्यंत
तिला कळलंच नाही.
थोड्या गाठी भलत्याच ठिकाणी सुटतात.
किती, त्याचा आकडा आमच्या फायलीत आहे.
तो मी घरी सांगितलेला नाही.

बाबांनी तुटक्या दोऱ्याला एक गाठ मारली,
काकीच्या पुढ्यात धरली. "ओढ."
तिनं ओढली. हलली नाही.
"आता हे टोक."
एका झटक्यात दोरा सरळ.

काकी तो दोरा बोटांतून फिरवत राहिली,
इकडून तिकडे, पुन्हा इकडून,
डोळ्यांजवळ नेऊन.
"कुठं होती?" म्हणाली.
बाहेर कुणाच्या तरी होडीचं इंजिन
चालू होऊन बंद पडलं.